उघड्यावरच्या छायाचित्रणासाठी कोणते भिंग?

कॅमेऱ्याचा नाद लागलेला मनुष्य पहिल्या वर्षी छायाचित्रे काढतो आणि दुसऱ्या वर्षापासून भिंगांच्या किमती विचारू लागतो. आमचेही तसेच झाले. रस्ता, घाट, जत्रा, घरची मंडळी अशा रोजच्या, उजेडातल्या छायाचित्रांना कोणते भिंग घ्यावे, हा प्रश्न आम्हांला पुष्कळजण विचारतात. प्रश्न साधा खरा. पण त्यापायी कित्येकांची वर्षाची शिल्लक खर्ची पडते. म्हणून जाहिराती बाजूला ठेवून आम्ही स्वतःच एक तुलना करून पाहिली. ती घरगुती आहे, प्रयोगशाळेतली नव्हे, हे आधीच सांगतो.

भिंगावर मिलिमीटरचा जो आकडा असतो, तो त्याच्या नाभ्यंतराचा. आकडा जितका लहान, तितका दृष्टीचा आवाका रुंद. २४ गुणिले ३६ मिलिमीटरच्या चौकटीत २८चे भिंग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे ७५ अंश पाहते, ५०चे ४७ अंश, आणि १३५चे अवघे १८. ही तीन भिंगे आणि उसने आणलेले ५०चेच एक भारी किमतीचे भिंग घेऊन आम्ही डिसेंबरातल्या एका सकाळी पुण्यात शनिवारवाड्यापुढे उभे राहिलो. जागा मुद्दाम निवडली होती. दिल्ली दरवाज्यावर लोखंडी अणकुचीदार खिळे आहेत. चौकटीच्या कोपऱ्यातले खिळे कसे उमटतात यावरून भिंगाची परीक्षा आयतीच होते.

कॅमेरा तिपाईवर बसवला. भिंगाचे तोंड पूर्ण उघडे असता फरक दिसला: आमच्या साध्या भिंगातून कोपऱ्यातले खिळे पिठूळ आले, भारी भिंगातून बरेच रेखीव. मग तोंड लहान करीत एफ ८ वर आणले, आणि फरक नाहीसा झाला. छापलेली चित्रे पिसून मित्रांपुढे टाकली. कोणते महागाचे आणि कोणते स्वस्ताचे, ते कोणासही सांगता येईना. उसने देणारा गृहस्थ थोडा हिरमुसला, हे कबूल केले पाहिजे!

आता भारी भिंगाची किंमत कशाची असते? मुख्यतः मोठ्या तोंडाची. एफ २ ऐवजी एफ १.४ असले की दुप्पट प्रकाश आत येतो. दिवेलागणीच्या वेळी हा लाभ खराच. पण भर उन्हात त्याचे काय करावयाचे? जुना ठोकताळा असा, की स्वच्छ उन्हात १०० संवेदनक्षमतेला एफ १६ आणि सेकंदाचा सव्वाशेवा भाग पुरतो. तेथून एफ १.४ पर्यंत सात पायऱ्या, प्रत्येक पायरीला प्रकाश दुप्पट. म्हणजे शटर सेकंदाच्या सोळाहजाराव्या भागाइतके जलद हवे. बहुतेक कॅमेऱ्यांचे यांत्रिक शटर आठहजाराव्या भागापलीकडे जात नाही. ज्या तोंडासाठी पैसे मोजले, ते दुपारी उघडताच येत नाही!

नाभ्यंतराची गोष्ट निराळी. दरवाज्यापुढे बाजीरावांचा अश्वारूढ पुतळा आहे. ५०च्या भिंगाने वीस पावलांवरून तो चौकटीत जेवढा दिसला, तेवढाच राखण्यासाठी २८ लावल्यावर अकरा पावलांवर जावे लागले. दरवाजा मागे सरकून ठेंगणा झाला. १३५ लावून चौपन्न पावले मागे गेलो, तो दरवाजा पुतळ्याच्या खांद्याशी येऊन उभा! लोक म्हणतात, भिंगाने हा चमत्कार केला. वस्तुतः तो पावलांनी केला. त्याच जागेवरून २८ने चित्र काढून मधला तुकडा मोठा केला, तर दरवाजा आणि पुतळा यांचे प्रमाण १३५सारखेच येते; फक्त बारकावे कमी राहतात. फोनने जवळून काढलेल्या चेहऱ्याचे नाक मोठे दिसते, तेही याच कारणाने.

दरवाजा उत्तराभिमुख, हिवाळ्यात सूर्य त्याच्या पाठीशी येतो. तेव्हा एका स्नेह्याचे महायुद्धापूर्वीचे चार काचांचे भिंग जोडकड्याने लावून पाहिले. ही टेसार नावाची रचना पॉल रूडॉल्फ यांनी झाइसमध्ये १९०२ साली केली. काचेचा उघडा पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परतवतो. या भिंगात असे पृष्ठभाग सहा, म्हणजे बावीस टक्के प्रकाश मुक्कामी पोचत नाही. त्यातला काही आतल्या आत भटकून काळ्या रंगाची राख करतो. १९३५ साली झाइसमध्येच अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर पातळ लेप देण्याची युक्ती काढली. लेपाचे साधे भिंग येथे सहज सरस ठरले. मात्र सूर्याच्या बाजूने तळहात आडवा धरताच जुन्या भिंगाचीही लाज बरीच राखली गेली.

राहिले वजन. एकदा आम्ही सारी नाभ्यंतरे एकात सामावणारे थोरले झूम भिंग घेतले. त्याच्या ओझ्याने कॅमेरा कपाटातच राहू लागला. त्या वर्षी वडील आमच्याबरोबर पर्वती चढले, ती त्यांची शेवटची चढण. वर पोचून ते कठड्याशी बराच वेळ उभे होते. त्याचे चित्र आमच्याजवळ नाही.

म्हणून एकच भिंग घेणाराला आम्ही साधे ५०चे सांगतो. पेठांतल्या अरुंद बोळांत वावरणाराला ३५चे. जुने घ्यावयाचे झाल्यास मागून विजेरीचा झोत टाकून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. कोकणात आणि पावसाळ्यात तर भिंग घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुडीसह ठेवावे. सोबत मिळालेल्या देखण्या कातडी पेटीत मात्र ठेवू नये. कातडे ओल धरते.