खंड्याचं घमेलं

आमच्या घराला शहाबादी फरशी आहे. सोप्यापासून स्वयंपाकघरापर्यंत तीच, मागच्या दाराची पायरी उतरलं की पडवीला तीच, आणि उरली म्हणून मामंजींनी पुढच्या अंगणातही तीच बसवून घेतली होती. कडेला कढीपत्ता आणि जास्वंदीपुरती काय ती माती. साताऱ्यात लग्न होऊन आले त्याला पस्तीस वर्षं झाली. रोज ही फरशी पुसते, पण घरातली आणि अंगणातली फरशी एकच आहे, हे मला एका आठ आठवड्यांच्या कुत्र्याच्या पिल्लाने दाखवलं.

माझं माहेर तासगाव तालुक्यातलं. धाकट्या भावाची द्राक्षबाग आहे. बागेतल्या वस्तीवर त्याने जतकडून आणलेली कारवान जातीची कुत्री पाळली आहे. लांब तोंड, खपाटीला गेलेलं पोट, काठीसारखे पाय आणि अंगावर अगदी आखूड केस. जतच्या माळावर मेंढरांमागे ही कुत्री दिसतात. सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली, म्हणून तिकडे तिला मुधोळ म्हणतात. २००५ साली टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत एक मुधोळचं होतं. तर त्या कुत्रीचं एक पिल्लू जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भाऊ आमच्याकडे घेऊन आला. द्राक्षं काढणीच्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये आईच्या अंगाखालचं गोणपाट आणि त्यावर हे मुटकुळं.

पिल्लू सोप्यात ठेवलं आणि पाच मिनिटांत त्याने फरशीवर ओघळ काढला. मी हात उगारला तशी भावाने मला थांबवलं. म्हणाला, “आक्का, मारू नगंस त्याला. त्याला काय ठावं तुझं घर कुठं संपतंय ते? गप उचलायचं आन् मातीवर न्यून ठेवायचं.”

‘मातीवर’ हा शब्द मी तेव्हा नीट ऐकला नाही. पिल्लाला उचलून मी अंगणात न्यायचे. ते फरशीवर उभं राहायचं, इकडेतिकडे हुंगायचं, कुडकुडायचं. दहा मिनिटांनी आत आणलं की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी लगेच शू. मला वाटायचं हा मुद्दाम करतो. पाळीव जनावर ‘मुद्दाम’ करतं असं आपण फार सहज म्हणतो, आणि पुढचा सगळा मार त्या एका शब्दापायी त्याच्या अंगावर पडतो.

पहिल्या लसीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला आपणहून शू-शीसुद्धा होत नाही. आई पोटाखाली चाटते तेव्हा ती होते, आणि तीच ते साफ करते. साधारण तीन आठवड्यांनी पिल्लू आपल्या पायांनी झोपायच्या जागेपासून चार पावलं लांब जाऊन बसायला लागतं. झोपायची जागा घाण करायची नाही, ही शिकवण ते आईकडूनच घेऊन येतं. आठ-नऊ आठवड्यांचं होईतो त्याच्या तळव्यांना एका पोताची सवय लागते. ज्या पिल्लाने गवतावर केलं त्याला गवत, ज्याने मातीवर केलं त्याला माती. नाक आणि तळवे, ह्या दोन्हींनी ते जागा ओळखतं. आपल्यासारखं ‘आत’ आणि ‘बाहेर’ त्याला कळत नाही. ह्या पिल्लाच्या पायांना फक्त बागेतली माती माहीत होती. आमच्याकडे आत शहाबादी, बाहेर शहाबादी. त्याने कशावरून ओळखायचं?

घरी आल्यावर मी बांधकामाची दोन जुनी घमेली काढली. जास्वंदीच्या बुंध्याची माती भरून पडवीत पत्र्याखाली ठेवली. फरशीवरची शू ज्या फडक्याने टिपली होती ते फडकं धुतलं नाही, मातीवर चोळलं. दुपारी झोपेतून उठल्या उठल्या पिल्लाला उचलून घमेल्यात उभं केलं. त्याने खाली नाक घातलं, एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि बसलं. मी तिथेच ओणवी होऊन “शाब्बास, शाब्बास” म्हणत उकडलेल्या अंड्याचा तुकडा त्याच्या तोंडात दिला. शाबासकी त्याच जागी, त्याच क्षणी द्यावी लागते. आत येऊन दिली तर त्याला वाटतं, आत आल्याबद्दल मिळाली.

घमेल्याचा आणखी एक उपयोग झाला. पावसाची रिपरिप सुरू झाली आणि ह्या जातीच्या आखूड केसांना आणि पातळ कातडीला पाऊस मुळीच सोसत नाही. पायरीवर पाण्याचा थेंब पडला तरी पिल्लू मागे सरायचं. पत्र्याखाली कोरडी माती नसती तर पावसाळाभर सगळं घरातच झालं असतं. पुढे उघडीप मिळाली तशी घमेली रोज वीतभर पुढे सरकवली आणि गणपतीच्या सुमाराला जास्वंदीखाली नेऊन रिकामी केली.

रस्त्यावर मात्र तेव्हा नेलं नाही. कुत्रं बाहेर नेऊन फिरवा, ते आपोआप शिकेल, असं जो तो सांगत होता. पण पार्व्हो ह्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. आजारी कुत्र्याची विष्ठा दिसेनाशी झाली तरी जागा सुरक्षित होत नाही. सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी लस, ती सोळा आठवड्यांपर्यंत. तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची वेगळी. तोवर आपल्याच अंगणात, जिथे दुसरं कुत्रं येत नाही तिथेच त्याचं सगळं. लसींच्या तारखा चुकवू नका, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन.

बाकी सगळी वेळेची गोष्ट. झोपेतून उठलं की, खाल्लं की पाच ते तीस मिनिटांत, खेळता खेळता अचानक थांबून फरशी हुंगायला लागलं की, पिल्लाला उचलायचं. पोटात अन्न पडलं की आतडी हलतात, हा शरीराचा नेम आहे, म्हणून खाणं ठरावीक वेळेला. दिवसभर ताटली भरून ठेवली तर शीची वेळ कधीच कळत नाही. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा फार तर तीन तास तग धरतं. महिन्यांत एक मिळवायचा आणि तेवढे तास, असा ढोबळ हिशेब. पण तो ताणायचा नाही. खेळणारं पिल्लू तासाभरातही भरतं.

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं आणि त्यावर दुधाचा हिशेब. त्याच चौकटींत मी पिल्लाच्या, म्हणजे आमच्या खंड्याच्या, वेळा लिहायला लागले. बाहेर झालं की बरोबरची खूण, आत झालं की वेळ आणि जागा. पहिल्या आठवड्यात चौकटींत जागा पुरली नाही. पण आठवडाभराने ते पान पाहिलं तेव्हा आतल्या सगळ्या वेळा कुठे पडल्या ते दिसलं. सकाळी साडेनऊ, म्हणजे मी डब्यांच्या गडबडीत असते तेव्हा, आणि संध्याकाळी सात, म्हणजे मालिका सुरू असते तेव्हा. पिल्लू चुकत नव्हतं. त्या दोन वेळांना त्याच्याकडे पाहायला घरात कुणी नव्हतं. साडेनऊची पाळी ह्यांनी घेतली, सातची नातवाने. दुसऱ्या आठवड्यात पान निम्मं मोकळं झालं.

पहाटेची पाळी सासूबाईंची, म्हणजे आमच्या आत्याबाईंची, झाली, आणि हे मी मागितलेलं नव्हतं. त्यांचं वय ब्याऐंशी, सोवळं कडक. पिल्लू आलं त्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, “अंगणात काय ते ठेवा, माझ्या देवघराकडे फिरकता कामा नये.” रात्री खंड्या माझ्या पलंगाशी त्या क्रेटमध्ये निजायचा. क्रेट अशी हवी की त्यात तो गिरकी घेऊन पसरू शकेल, पण एका कोपऱ्यात घाण करून दुसऱ्यात झोपायला जागा उरणार नाही. म्हणजे शू आली की तो कुंई कुंई करतो. मला पहिल्या चार रात्री जाग आली, पाचव्या रात्री आली नाही. उठले तेव्हा क्रेट रिकामी. पडवीत दिवा, आणि आत्याबाई काठी टेकून घमेल्याशी उभ्या. मला पाहून म्हणाल्या, “अगं, मी चारला जागीच असते. खंडोबाचं जनावर आहे, रडत कसं ठेवायचं?” आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा. त्या दिवसापासून चारची खूण कालनिर्णयावर त्यांच्या थरथरत्या हाताची.

नाव खंड्या ठेवलं ते मात्र ह्यांनी, आणि त्यांच्या मनात दुसराच खंड्या होता. साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांचा. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला, महाराजांनी त्याला सनद देऊन जहागीर आणि पालखीचा मान दिला, भर दरबारात त्याला जरीचं वस्त्र आणि दागिने घालून स्वतःचं पागोटं त्याच्या डोक्यावर ठेवलं. हे साताऱ्यात रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या इतिहासात लिहून ठेवलं आहे. महाराज १७४९ साली गेले. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला त्यांची समाधी आहे, आणि त्यांच्या कुत्र्याचंही दगडी स्मारक तिथेच आहे. लसी पुऱ्या झाल्यावर खंड्याला पहिल्यांदा लांब नेलं ते तिथेच.

आता दोन गोष्टी ज्या मला कळकळीने सांगायच्या आहेत. आमच्या आळीत एकांकडे महिन्याभराने पिल्लू आलं. घरात घाण केली की त्याचं नाक त्यात घासायचे. चार दिवसांनी ते म्हणाले, “बघा, आता करत नाही.” करत होतं. दिवाणाखाली, गाद्यांच्या मागे, कुणी पाहत नसेल तिथे. दहा मिनिटांपूर्वीच्या शूचा आणि आत्ताच्या माराचा संबंध त्याला लागत नाही. माणसासमोर बसलं की मार, एवढंच ते शिकतं. मग तुम्ही त्याला बाहेर नेऊन अर्धा तास उभे राहिलात तरी ते तुमच्यासमोर बसत नाही. मालक आला की अंग चोरून जागीच थेंब सोडणारं पिल्लू तर घाबरलेलं असतं. त्याला ओरडलं की ते आणखी सोडतं. समोर चालू असताना दिसलं तर फक्त टाळी वाजवा, उचला, मातीवर ठेवा, आणि तिथे पुरं झालं की शाबासकी द्या.

दुसरी गोष्ट साफसफाईची. शहाबादी दगड पाणी शोषतो. वरून फिनेल फिरवलं की आपल्या नाकाला बरं वाटतं, पण पिल्लाला खालचा वास येतच राहतो आणि ते तिथेच परत बसतं. आधी कोरड्या फडक्याने टिपायचं, मग साबणाच्या पाण्याने पुसायचं. दुकानात एन्झाइमचं द्रावण मिळतं, ते सगळ्यांत चांगलं. शूवर ब्लीचिंग कधी टाकू नका. दोन्ही मिळून जो वायू होतो तो छातीत जातो.

खंड्या आता सहा महिन्यांचा आहे. मागच्या दाराच्या कडीला आत्याबाईंनी गाईच्या गळ्यातलं जुनं घुंगरू बांधलंय. दर खेपेला दार उघडण्याआधी त्या ते वाजवायच्या, आता तो नाकाने वाजवतो. महिनाभर कालनिर्णयावर आतली एकही नोंद नाही. पण ऑगस्टचं पान मी फाडून जपून ठेवलंय.

राखीपौर्णिमेला भाऊ आला तो नेहमीसारखा किलोभर बेदाणा घेऊन. तासगावच्या माणसाच्या हातात दुसरं काय असणार. पिशवी स्टुलावर राहिली. आम्ही ओवाळत होतो तेवढ्यात खंड्याने ती खाली ओढली. पाहिलं तेव्हा मूठभर तरी त्याच्या पोटात गेला होता. भाऊ हसला, “खाऊ दे की, ताकद येईल.” मीही हसले. नातवाने फोनवर वाचलं तेव्हा तासाच्या वर वेळ होऊन गेला होता. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विष आहेत. किती खाल्ल्यावर बाधेल ते सांगता येत नाही, काहींना थोडेही पुरतात. मूत्रपिंडं निकामी होतात. २०२१ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. ते चिंचेतही असतं. ज्या तालुक्यात घरोघरी बेदाणा, तिथे वाढलेल्या आम्हा दोघा भावंडांना हे ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांनी उलटी करवली. मग सलाईन, दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ. घरी सोडताना ते म्हणाले, “आता एकच पाहायचं. लघवी होते का. थांबली तर लगेच या, रात्री कितीही वाजले असले तरी.” जी शू दोन महिने आम्ही अडवत होतो, तिची आता सगळं घर वाट पाहत बसलं. संध्याकाळी घमेल्यात उभा केला, नुसता उभा राहिला. दहाला, बाराला, तेच. भाऊ तासगावला परत गेला नव्हता, पायरीवर डोकं धरून बसला होता. मी त्याला काही बोलले नाही. माझी चूक त्याच्याइतकीच होती.

पहाटे आत्याबाईंची हाक आली. धावले. खंड्या क्रेटमधून उठून लटपटत थेट देवघरापुढे आला होता, आणि त्याच्या पायाखालून शहाबादीवर एक मोठा, पिवळाधमक ओघळ उंबऱ्याकडे चालला होता. मी फडकं आणायला वळले.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “आधी डॉक्टरांना फोन कर.” काठी भिंतीला टेकवून त्या खाली बसल्या आणि त्याचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं.

ऑगस्टच्या पानावर त्या दिवसाच्या चौकटीत त्यांच्या हातचं लिहिलेलं आहे: चार वीस, देवापुढे. आणि त्यापुढे बरोबरची खूण.