घरातला सिनेमा : पडदा मोठा, काळजीही मोठी

आमच्या पिढीने मोठा पडदा पाहिला तो यात्रेतल्या तंबूत. बसायला घरून आणलेले पोते, मागे घरघरणारे यंत्र आणि रीळ तुटले की शिट्ट्या. पुढे व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन-तीन पिक्चर पाहण्याचे दिवस आले आणि गेले. आता तोच मोठा पडदा घरात आला आहे. जळगाव-धुळ्याच्या नव्या कॉलन्यांतच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही दिवाणखान्याच्या भिंतीवर शंभर इंची चित्र दिसू लागले आहे. क्रिकेटचा सामना असला की गच्चीवर चादर बांधून सगळी गल्ली जमते आणि थंडीचे दिवस असले तर सोबतीला भरीत-पुरी असतेच.

हौसेला आमची ना नाही. मात्र प्रोजेक्टर घेताना माणूस दुकानदाराला किंमत विचारतो, आणि घरी आणल्यावर डॉक्टरला विचारतो, "डॉक्टरसाहेब, याने पोरांचे डोळे तर बिघडणार नाहीत ना?" हा प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा आहे. डोळ्यांइतकाच विचार विजेचा, कानांचा आणि झोपेचाही करायला हवा. आज त्याविषयी.

फाळक्यांचे डोळे

सिनेमा आणि डोळे यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी भारतातला पहिला चित्रपटाचा खेळ झाला. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९११ च्या सुमारास, आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाच्या ध्यासाने झपाटले. रोज चार-चार, पाच-पाच तास चित्रपट पाहायचे, घरी येऊन यंत्राशी झटायचे आणि झोप जेमतेम घ्यायची, असा त्यांचा क्रम होता. या ताणाने त्यांची दृष्टी काही काळ गेली. मुंबईचे नेत्रतज्ज्ञ डॉ. प्रभाकर यांनी उपचार केले, तीन-चार चष्मे दिले आणि दृष्टी परत आली. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला.

यावरून कोणी घाबरून जाऊ नये. नुसता सिनेमा पाहून कोणी आंधळे होत नाही. पण अतिरेक, जागरण आणि दुखणे अंगावर काढणे या तीन गोष्टी एकत्र आल्या की शरीर तक्रार करणारच. घरातल्या पडद्यालाही हेच लागू आहे.

पडदा वाईट की मोबाईल?

प्रोजेक्टरचा उजेड आधी भिंतीवर पडतो आणि तिथून चहूकडे विखरून आपल्या डोळ्यांत येतो. असा विखुरलेला उजेड डोळ्याच्या पडद्याला इजा करीत नाही. शिवाय जवळचे पाहताना डोळ्यातल्या बारीक स्नायूंना आवळावे लागते, दूरचे पाहताना ते सैल राहतात. एक फुटावरचा मोबाईल पाहताना या स्नायूंना जेवढे काम पडते, त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकेच दहा फुटांवरचे चित्र पाहताना पडते. तेव्हा मूल पाहणारच असेल, तर हातातल्या मोबाईलपेक्षा लांबचा पडदा बरा.

मग डोळे चुरचुरतात कशाने? एकटक पाहताना आपण पापण्या मिटायला विसरतो. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा पापणी लवते आणि अश्रूंचा ओलावा डोळाभर पसरतो. पाहण्यात रंगलो की हे प्रमाण निम्म्यावर येते. त्यात कूलरचा किंवा एसीचा झोत थेट तोंडावर असला, तर डोळे कोरडे पडून लाल होतात. झोत दुसरीकडे वळवावा, मध्ये मध्ये मुद्दाम पापण्या मिटाव्यात. एवढ्याने बहुतेकांचे भागते. मेडिकलमधून मनाने थेंब आणून घालू नयेत. काही थेंबांत स्टिरॉइड असते आणि ते सतत वापरले तर काचबिंदू होऊ शकतो.

पडदा आणल्यापासून मुलाचे डोके दुखते, अशी तक्रार घेऊन पालक येतात. पुष्कळदा त्या मुलाला चष्म्याचा नंबर आधीपासूनच असतो, मोठ्या पडद्याने तो फक्त उघडकीस आणलेला असतो. मूल पडद्याच्या जवळ सरकत असेल किंवा डोळे बारीक करून पाहत असेल, तर प्रोजेक्टर विकू नका, डोळे तपासा. आणि नंबर वाढू नये म्हणून मुलांना रोज दोन तास तरी उघड्यावर, उजेडात खेळू द्या. त्याचा उपयोग अभ्यासांतून दिसून आला आहे.

खरा धोका : भिंगात डोकावणे

भिंतीवरचा उजेड निर्धोक, पण भिंगातून निघणारा झोत तसा नाही. घरगुती वापराच्या अनेक प्रोजेक्टरांवर 'झोताकडे टक लावून पाहू नका' अशी सूचना छापलेली असते. ती नावापुरती नाही. चुकून नजर गेली, तर पाव सेकंदात पापणी मिटते आणि डोळा वाचतो. पण पैज लावून भिंगात पाहणारे पोर किंवा उजेडाचे कुतूहल असलेले रांगते बाळ नजर हटवीलच असे नाही. लहान मुलांच्या डोळ्यांतले नैसर्गिक भिंग अधिक नितळ असते, त्यामुळे निळा उजेड आत जास्त पोहोचतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. डोळ्याच्या आतल्या पडद्याला वेदना कळत नाही. भाजले तरी दुखत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, नजरेच्या मधोमध काळा ठिपका दिसू लागतो. असे झाले तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे.

उपाय सोपा आहे. प्रोजेक्टर टीपॉयवर, मुलांच्या तोंडासमोर ठेवू नये. तो छताला किंवा प्रेक्षकांच्या मागे, डोक्यापेक्षा उंचावर बसवावा. पडद्यापुढे उभे राहून सावल्यांचा खेळ करणाऱ्या मुलांना झोताकडे पाठ ठेवायला सांगावे. दुर्बिणीतून किंवा बहिर्गोल भिंगातून झोताकडे कदापि पाहू नये.

किती मोठा, किती लांब, किती उजळ?

शंभर इंची चित्र म्हणजे रुंदीला सव्वासात फूट आणि उंचीला चार फूट. एवढे चित्र पाहायला दहा ते साडेतेरा फुटांवर बसावे. खोली दहा बाय दहाची असेल तर साठ-सत्तर इंचांवर समाधान मानावे. त्यापेक्षा मोठे केले, तर मान इकडून तिकडे फिरवावी लागते आणि काहींना गरगरते. आपण बसल्यावर डोळे चित्राच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यासमोर यावेत. छताला टेकलेले चित्र तीन तास मान वर करून पाहिले, तर सकाळी मानेचा पट्टा शोधायची वेळ येते.

दुकानात हजारो ल्युमेनच्या गोष्टी ऐकवल्या जातात. खोली पूर्ण अंधारी असेल, तर शंभर इंची पांढऱ्या पडद्यावर सिनेमागृहाइतका उजेड पडायला खरे पाचशे ल्युमेन पुरतात. थोडा उजेड येणाऱ्या खोलीला त्याच्या तीन-चार पट लागतात. विचारताना 'एएनएसआय ल्युमेन किती?' असे विचारावे, नुसते ल्युमेन विचारू नये. गरजेपेक्षा जास्त उजेडही त्रासदायकच. अंधारात बुबुळ मोठे झालेले असते आणि त्यावर भगभगीत चित्र आले की डोके दुखते. म्हणून पाठीमागे एक मंद दिवा चालू ठेवावा. म्हाताऱ्या माणसांना उठताना वाटही दिसते. भिंतीला ऑइलपेंट नको, तो चकाकतो. साधा पांढरा डिस्टेंपर चांगला.

फिट येणाऱ्यांसाठी

१६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये टीव्हीवर पोकेमॉन हे कार्टून चालू असताना लाल-निळा उजेड झपाट्याने लुकलुकला आणि सुमारे ६८५ जणांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. फिट येणाऱ्या सगळ्यांना असा त्रास होत नाही, पण काहींना होतो. चित्र जितके मोठे आणि खोली जितकी अंधारी, तितका तो वाढतो. घरात असा रुग्ण असेल, तर लांब बसवावे, दिवा लावून ठेवावा, गोळ्या चुकवू नयेत आणि जागरण टाळावे. लुकलुकणारे दृश्य आले की एक डोळा तळहाताने पूर्ण झाकावा. दोन्ही डोळे नुसते मिटून पुरत नाही, कारण पापणीतूनही उजेड आत जातो.

वीज, कूलर आणि एक्स्टेन्शन बोर्ड

खानदेशात उन्हाळ्यात सर्वांत जास्त भीती कशाची असेल, तर ती याची. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. खोली अंधारी करण्यासाठी खिडक्या बंद, म्हणून कूलर आत ओढलेला. एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर कूलर, प्रोजेक्टर आणि स्पीकर. खाली सांडलेले पाणी आणि त्यातून अनवाणी धावणारी मुले. पत्र्याच्या कूलरमध्ये वीज उतरली आणि घराला अर्थिंग नसले, तर पहिला हात लावणारा जिवाला मुकतो.

प्रोजेक्टर बसवायला वायरमन येईल, तेव्हाच त्याच्याकडून घराचे अर्थिंग तपासून घ्या. तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवून घ्या, गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो. प्रोजेक्टरला स्वतंत्र थ्री-पिन प्लग असू द्या आणि तिसरी पिन मोडून टू-पिनमध्ये खुपसू नका. कूलरमध्ये पाणी भरताना त्याचा प्लग काढून ठेवा. गच्चीवरचा खेळ संपला की वायरी रात्रभर दवात पडू देऊ नका. वाटेत लोंबणारी वायर भिंतीच्या कडेने न्या. तिच्यात पाय अडकून आजीचे खुब्याचे हाड मोडले, तर तो सिनेमा फार महाग पडतो.

कोणाला शॉक बसलाच, तर आधी मेन स्विच बंद करा. तोपर्यंत त्याला हात लावू नका. तो शुद्धीवर नसेल आणि श्वास चालत नसेल, तर १०८ ला फोन करायला एकाला सांगा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन इंच खोल दाबत राहावे. पाणी पाजू नये. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यावे.

उष्णता, धूळ आणि दिवा

पुष्कळ घरगुती प्रोजेक्टर ३५ ते ४० अंश तापमानापर्यंतच चालवायचे असतात. वरच्या मजल्यावरच्या स्लॅबखालची खोली दुपारी त्याहून तापते. तेव्हा वैशाखात दुपारचा खेळ बंद, रात्रीचा ठेवावा. यंत्राच्या चारही बाजूंना मोकळी जागा असावी, कपाटात कोंबू नये. आपल्याकडची धूळ, त्यात कापसाच्या हंगामातली तूस, यांनी जाळी बुजते. ती महिन्यातून एकदा प्लग काढून साफ करावी.

दिव्याच्या प्रोजेक्टरचे बटण बंद केल्यावरही आतला पंखा काही वेळ फिरतो. तो थांबेपर्यंत प्लग उपटू नये. लाईट अचानक जाते तिथे छोटा यूपीएस लावावा. या दिव्यात पारा असतो. तो फुटला, तर सगळ्यांनी बाहेर यावे, खिडक्या उघडून अर्धा तास वारा खेळू द्यावा, मग हातमोजे घालून तुकडे कडक कागदाने उचलावेत. व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नये. एलईडी आणि लेसरच्या यंत्रांत हा दिवा नसतो.

छताला टांगताना फास्टनर स्लॅबमध्येच ठोकावा. पीओपीच्या सिलिंगवर भरवसा ठेवू नये. आधाराला एक साखळीही लावावी.

बंद खोलीत डासांची कॉइल जाळून दहा माणसे बसवू नयेत. दमेकऱ्याला तो धूर सोसत नाही. मच्छरदाणीची जाळी खिडकीला लावणे उत्तम.

कान आणि झोप

हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज कानाला घातक पातळीवर आहे असे समजा. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो. पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे ९४ डेसिबलला एकच तास उरतो. कानातली नाजूक पेशी एकदा मेली की परत उगवत नाही. शेजाऱ्यांसाठी कायदाही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीत रात्री दहानंतर मर्यादा ४५ डेसिबलची आहे.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. रात्री साडेबाराला सिनेमा संपवून सकाळी सातला शाळेत पाठवलेले मूल वर्गात पेंगणारच. झोपण्याआधी तासभर पडदा बंद असावा.

शेवटी एक जुनी गोष्ट घरात परत आणा : मध्यंतर. थिएटरात ते आपोआप व्हायचे, घरात कोणी करीत नाही. दीड तासाने दिवे लावा, उठा, चार पावले चाला, पाणी प्या. पायांतले रक्त हलते, डोळ्यांना विसावा मिळतो. मधुमेह असलेल्यांनी अंधारात किती फरसाण पोटात गेले, तेही उजेडात पाहून घ्यावे.

कात्रण काढून ठेवा

१. प्रोजेक्टर डोक्यापेक्षा उंच. भिंगात डोकावणे बंद.
२. शंभर इंची पडद्यापासून किमान दहा फूट लांब. मागे मंद दिवा.
३. अर्थिंग आणि आरसीसीबी आधी, सिनेमा नंतर.
४. कूलर आणि प्रोजेक्टर एका बोर्डवर नको.
५. नजरेत काळा ठिपका, फिट किंवा शॉक : त्याच दिवशी डॉक्टर.
६. मध्यंतर दीड तासाने, पडदा बंद झोपण्याआधी तासभर.