इंधन-पंप आणि विद्युत्दाब

टर्बोचार्जर बसवलेली एखादी जुनी गाडी सपाट रस्त्यावर सुरळीत चालते. परंतु चढण लागली, किंवा चालकाने वेग वाढविण्यासाठी पायाखालची पट्टी पूर्ण दाबली, की तिचे एंजिन अडखळू लागते. प्लग बदलून होतात, इंधनाची गाळणी बदलून होते, प्रसंगी पंपही नवा बसविला जातो. तरी दोष कायम राहतो. अशा वेळी पुष्कळदा असे आढळते की, पंप निर्दोष असून त्याच्यापर्यंत वीज पोचविणाऱ्या तारा व जोड हेच दोषी आहेत. हा दोष कसा उत्पन्न होतो व तो कसा शोधावा, हे आता पाहू.

पंपावर पडणारा भार

स्वित्झर्लंडमधील अभियंता आल्फ्रेड ब्यूची याने १९०५ साली ज्या कल्पनेचे पेटंट मिळविले, तिच्यातूनच आजचा टर्बोचार्जर विकसित झाला. एंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर त्यातील चक्र फिरते. त्याची गती मिनिटाला एक लाख फेऱ्यांहूनही अधिक असू शकते. हे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. हवा अधिक आली म्हणजे पेट्रोलही त्याच प्रमाणात अधिक लागते. १ किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा पुरते. एंजिनावर मोठा भार असताना तर पेट्रोल याहूनही थोडे जास्तच द्यावे लागते, कारण त्यामुळे ज्वलनाचे तापमान आटोक्यात राहते.

हे पेट्रोल टाकीतील विजेवर चालणारा पंप पुरवितो. इंधनाचा दाब एंजिनात शिरणाऱ्या हवेच्या दाबापेक्षा ठराविक प्रमाणात, पुष्कळ गाड्यांत सुमारे ३ बारने, अधिक राखावा लागतो. टर्बोचार्जरने हवेचा दाब ०.७ बारने वाढविला, तर पंपास ३.७ बार दाबाविरुद्ध पेट्रोल ढकलणे भाग पडते. म्हणजे ज्या क्षणी पेट्रोलची गरज सर्वांत मोठी, त्याच क्षणी पंपाचे कामही सर्वांत कठीण होते, आणि तो अधिक विद्युत्प्रवाह खेचू लागतो.

त्या क्षणी पेट्रोल कमी पडले, तर मिश्रण विरळ होते, सिलिंडरमधील उष्णता वाढते व ज्वलन शांतपणे न होता आघाती स्फोट होऊ लागतात. अशा स्फोटांनी दट्ट्या तडकतो, क्वचित वितळतोही. तारेच्या एका गंजलेल्या जोडापायी संपूर्ण एंजिन निकामी होते, ते असे.

दाब कोठे हरवतो?

जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम याने १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार, तारेत खर्ची पडणारा विद्युत्दाब म्हणजे प्रवाह व रोध यांचा गुणाकार होय. रोध केवळ ०.१ ओहम असला, तरी १० अँपिअर प्रवाहास १ व्होल्ट गमवावा लागतो. हे हरवलेले १० वॅट उष्णतेच्या रूपाने जोडातच प्रकट होतात. त्या उष्णतेने जोडावरील गंज वाढतो, गंजाने रोध वाढतो, आणि दुष्टचक्र सुरू होते.

म्हणूनच पंपाचा प्लग सोडवून तेथे व्होल्टमीटर लावणे फसवे ठरते. व्होल्टमीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही. त्यामुळे रोध कितीही असला, तरी बॅटरीचे पूर्ण १२.६ व्होल्ट दिसतात. गंजलेल्या नळातही तोटी बंद असताना पाण्याचा दाब पूर्ण असतो; तोटी उघडली म्हणजे खरी स्थिती कळते. तद्वत् पंप चालू असतानाच मोजणी करावयास हवी.

मोजणीचा जमाखर्च

एंजिन चालू असताना बॅटरीवर साधारणपणे १३.५ ते १४.५ व्होल्ट असावेत. समजा, बॅटरीवर १४.० व पंपावर ११.६ व्होल्ट भरले, म्हणजे २.४ व्होल्टांची तूट आहे. आता बॅटरीचे धन टोक व पंपाचे धन टोक यांमध्ये व्होल्टमीटर लावावा, तेथे १.९ मिळाले. नंतर ऋण टोकांमध्ये लावावा, तेथे ०.५ मिळाले. दोहोंची बेरीज २.४, म्हणजे हिशोब जुळला. मग धन बाजूचे तुकडे पाडावे. रिलेच्या दोन संपर्कांमध्येच १.२ व्होल्ट आढळले, तर मुख्य दोषी रिले होय. परतीची वाटही तितकीच महत्त्वाची आहे, हे विसरू नये.

दाब आणि प्रवाह दोन्ही कमी असतील, तर वाटेत रोध आहे. प्रवाहच नेहमीपेक्षा जास्त असेल, तर तुंबलेली गाळणी किंवा जड झालेला पंप शोधावा.

काही गाड्यांत मंद गतीच्या वेळी पंपाचा दाब मुद्दाम कमी ठेवलेला असतो. १९९० साली बाजारात आलेल्या मित्सुबिशी जीटीओच्या टर्बो गाडीत, भार कमी असताना प्रवाह एका रोधकातून जातो. भार वाढला की दुसरा रिले त्या रोधकाला वळसा घालतो. मंद गतीस दिसणारा कमी दाब हा येथे दोष नव्हे. परंतु हा रिले बिघडला, तर गाडी उभी असताना ठणठणीत भासते आणि भार येताच उपाशी राहते. म्हणून व्होल्टमीटरच्या लांब तारा आत घेऊन, चालकाशेजारी बसलेल्या दुसऱ्या व्यक्तीने मोकळ्या रस्त्यावर मोजणी पाहावी.

पेट्रोलच्या वाफेस एक ठिणगी पुरते. यास्तव काम उघड्या हवेत करावे व मोजणीच्या तारा किल्ली बंद असतानाच जोडाव्या किंवा काढाव्या. बॅटरीपासून नवी जाड तार ओढल्यास फ्यूज बॅटरीजवळच बसवावा.

विद्यार्थ्यांना हे तत्त्व घरीही पडताळता येईल. विजेरीतील जुना झालेला घट नुसता मोजला, तर बराच दाब दाखवितो. दिवा जोडताच तो दाब खाली येतो व दिवा मंदावतो. विश्रांतीतील मोजणीने सामर्थ्य कळत नाही. ते काम करवूनच पाहावे लागते.