होडीच्या पाठीवरचा भार

अमेरिकेतील तळ्यांवर आणि धरणांच्या जलाशयांत हौसेने फिरवल्या जाणाऱ्या पाच-सहा मीटर लांबीच्या मोटारबोटींना मागच्या बाजूस, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, एक आडवा फलाट बसवण्याची पद्धत आहे; त्याला स्विम प्लॅटफॉर्म म्हणतात आणि पोहून आलेल्यास होडीत चढण्यासाठी किंवा पाण्यात पाय सोडून बसण्यासाठी त्याचा उपयोग होतो. जुन्या होडीला तो नव्याने लावण्याचे तयार संच मिळतात आणि चार भोके पाडून बोल्ट आवळण्यापलीकडे या कामात काही नाही असे वाटते. प्रत्यक्षात त्याची सुरक्षितता फलाटापेक्षा ट्रान्समवर, म्हणजे होडीची मागची बाजू बंद करणाऱ्या उभ्या भिंतीवर, आणि तिच्या आतल्या न दिसणाऱ्या लाकडावर ठरते.

फायबरग्लासच्या बहुतेक जुन्या होड्यांत ही भिंत एकजिनसी नसते. आतून-बाहेरून फायबरग्लासचे थर आणि त्यांच्या मध्ये प्लायवूडचा गाभा अशी तिची रचना असते, आणि गाभ्याच्या जाडीमुळेच ती ताठ राहते. पूर्वीच्या एखाद्या मालकाने शिडीसाठी किंवा खोली मोजणाऱ्या उपकरणासाठी पाडलेल्या आणि नीट न बुजवलेल्या भोकातून पाणी आत शिरले की लाकूड आतल्या आत कुजत जाते, बाहेरची चकाकी मात्र तशीच राहते. म्हणून आधी प्लास्टिकच्या हातोडीने भिंत इंच-इंच ठोकून पाहावी लागते. निरोगी भाग खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द. शंका उरलीच तर आतल्या बाजूने, बाहेरचा थर न फोडता, बारीक भोक पाडून ड्रिलबरोबर येणारा भुसा तपासावा. तो कोरडा आणि फिकट असेल तर गाभा शाबूत आहे. काळपट आणि दमट, बोटांत चोळल्यावर लगदा होणारा असेल तर फलाट बाजूला ठेवून प्रथम ट्रान्सम दुरुस्त करणे भाग आहे. ही दुरुस्ती खर्चिक असते आणि बहुधा म्हणूनच ही तपासणी टाळली जाते.

ती टाळणे किती महागात पडू शकते, हे तरफेच्या साध्या गणितावरून कळते. 80 किलो वजनाचा माणूस भिंतीपासून 60 सेंटिमीटर दूर, फलाटाच्या कडेवर उभा राहिला आणि वरचे बोल्ट व फलाटाला खालून आधार देणाऱ्या तिरक्या टेकूचा पाया यांच्यात 30 सेंटिमीटर उभे अंतर असले, तर वरच्या बोल्टांना सुमारे 160 किलोची ओढ बसते. तेच अंतर 15 सेंटिमीटर असले तर ती 320 किलोंवर जाते, आणि फलाटावर माणसे नुसती उभी राहत नाहीत, उड्याही मारतात. शिवाय होडी झटक्यात मागे घेतली किंवा मागून लाट आली की पाणी फलाटाला खालून वर ढकलते, बळाची दिशा उलटते आणि टेकूच्या पायाचे, पुष्कळदा पाण्याखाली असणारे बोल्ट उपटले जाऊ लागतात. त्यामुळे वर आणि खाली दोन्हीकडे लाकडात रुतणारे स्क्रू न वापरता आरपार जाणारे बोल्ट वापरावे लागतात, आणि आतून नटाखाली रुंद धातूची पट्टी द्यावी लागते, कारण लहान वॉशर ताण आला की गाभ्यात दबत जातो. फटी ठेवलेला लाकडी फलाट खालून आलेले पाणी वर निसटू देतो. भरीव फलाट दिसायला कितीही देखणा असला तरी लाटेचा सगळा मार अंगावर घेतो.

भोकांच्या बाबतीत घाई मुळीच चालत नाही. 8 मिलिमीटरच्या बोल्टसाठी 12-13 मिलिमीटरचे भोक पाडावे, उघड्या पडलेल्या लाकडाला पातळ इपॉक्सी पाजावे, मग घट्ट इपॉक्सीने ते पूर्ण भरून वाळू द्यावे आणि त्याच्या मधोमध 8 मिलिमीटरचे नवे भोक घ्यावे. अशाने पुढे बोल्टभोवती पाणी अडवण्यासाठी लावलेले सीलंट कधी सुटले तरी पाण्याला लाकडापर्यंत वाट मिळत नाही. आवळताना बोल्टचे डोके धरून ठेवून नट फिरवावा, नाही तर डोक्याखालचे सीलंट पिळवटून निघते.

भोके पाडण्यापूर्वी फलाट जागेवर धरून मोटार पूर्ण वर उचलून आणि दोन्ही बाजूंना वळवून ती त्याला अडत नाही ना हे पाहणे आवश्यक असते. वजनाचाही विचार करावा लागतो. फलाटाचे आणि त्यावरच्या माणसांचे वजन अगदी मागच्या टोकाला येत असल्याने पिछाडी बसते, नाळ उचलली जाते आणि बाहेरून मोटार टांगलेल्या होडीत, जिथे ट्रान्समचा काठ मुळातच खाली कापलेला असतो, तिथून पाणी आत येऊ शकते. अमेरिकेत 20 फुटांखालच्या बहुतेक मोटारबोटींवर किती माणसे आणि किती वजन चालेल हे सांगणारी पाटी सक्तीची असते. फलाटाचे वजन त्या मर्यादेतूनच वजा करावे लागते.

यापेक्षा गंभीर धोका डोळ्यांना दिसत नाही. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो, आणि हा धूर नेमका फलाटाच्या आसपास साचतो. युटा-ॲरिझोना सीमेवरील लेक पॉवेल जलाशयात ऑगस्ट 2000 मध्ये हाउसबोटच्या फलाटाखालच्या पोकळीत शिरलेले दोन लहान भाऊ जनरेटरच्या अशाच धुराने मृत्युमुखी पडले. याच वायूच्या धोक्यामुळे चालत्या बोटीच्या फलाटाला धरून पाण्यातून ओढत जाण्याचा खेळ कॅलिफोर्नियाने पुढे 2004 च्या कायद्याने बंद केला. लहान होडीत जनरेटर नसला तरी इंजिन आणि फिरता पंखा फलाटापासून हातभर अंतरावरच असतात. म्हणून कोणी फलाटावर किंवा त्याच्या जवळ पाण्यात असेल तेव्हा इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवणे पुरेसे नाही, ते बंदच करावे लागते.

शिडीचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या अपेक्षेप्रमाणे शिडीची सर्वांत खालची पायरी पाण्याच्या पातळीखाली किमान 22 इंच, म्हणजे सुमारे 56 सेंटिमीटर, पोचली पाहिजे. थकलेल्या माणसाला त्याहून उथळ पायरीवर पाय उचलून ठेवणे अवघड जाते. ती शिडी पाण्यातल्या एकट्या माणसाला, होडीत कोणी नसतानाही, हात वर करून खाली ओढता आली पाहिजे.