मॅग्नेशियम मिश्रधातूंची श्रांती

धातू केवळ मोठ्या भारानेच तुटतो असे नाही. लहान भार वारंवार पडल्यानेही तो तुटतो. या ऱ्हासास श्रांती म्हणतात. जयपूर येथे १९४६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीजची बेअरिंगे असोत, वा झोटवाडा औद्योगिक परिसरातील यंत्रे; फिरत्या भागांचे आयुष्य बहुधा श्रांतीच ठरविते.

यंत्रांची कवचे व वाहनांची चाके हलकी करण्यासाठी मॅग्नेशियम उपयुक्त ठरते. त्याची घनता १.७४ ग्रॅम प्रतिघनसेंमी., म्हणजे ॲल्युमिनियमच्या सुमारे दोन-तृतीयांश आहे. मात्र त्याची स्फटिकरचना षट्कोनी असल्याने सामान्य तापमानास अणुथर मोजक्याच प्रतलांवर सहज घसरतात. बहिःसारित दांड्यावर अक्षाच्या दिशेने दाब आला, की स्फटिकाचा काही भाग आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे वळून ‘यमल’ बनतो. पुढे ताण आल्यावर तो पुष्कळसा मिटतो. त्यामुळे दोन्ही दिशांना सारखीच विकृती दिली, तरी दाबाखाली धातू लवकर नमतो व ताणाचे प्रतिबल अधिक राहते. हे आधिक्य तडे वाढविते. ओतीव भागांत तड्यांचा आरंभ बहुधा सूक्ष्म छिद्रांपासून होतो.

कण बारीक करणे व विरल मृत्तिका मूलद्रव्ये मिसळून स्फटिकांची एकदिशता घटविणे, हे त्यावरील उपाय होत. वजनातील बचत सुरक्षिततेच्या मोबदल्यात पडू नये, हाच चक्रीय चाचण्यांचा हेतू होय.