साहेबांना 'नाही' म्हणण्याची तयारी

घाटकोपरला आमच्या गच्चीवर उभे राहिले की पूर्वेकडून येणारी विमाने इतकी खालून जातात की त्यांची चाके मोजता यावीत. मुंबई विमानतळाच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरण्याचा तो रस्ताच आहे. हा आकडा २७ च का, ते मात्र मला साठी उलटल्यावर कळले. धावपट्टीची होकायंत्रावरची दिशा घ्यायची आणि शेवटचे शून्य सोडून द्यायचे. २७० अंश म्हणजे पश्चिम, म्हणून २७. चाळीस वर्षे या विमानांच्या आवाजात आमच्या घरातल्या बातम्या बुडत आल्या, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. हे ज्ञान दिले वरच्या मजल्यावरच्या मुलीने.

मुलगी चोवीस वर्षांची. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, मग डोळ्यांपासून हृदयापर्यंत सगळे तपासणारी प्रथम श्रेणीची वैद्यकीय चाचणी, मग नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे पेपर, शिवाय दोनशे तासांचे उड्डाण. एवढे सगळे करून व्यावसायिक परवाना हातात आलेला. आता विमान कंपनीची मुलाखत तोंडावर आली होती. एका संध्याकाळी तिचे वडील खाली आले.

''साहेब, तुम्ही बँकेत इतक्या मुलाखती घेतल्यात. हिची जरा तयारी करून घ्या.''

''अहो, मला विमानातलं ओ की ठो कळत नाही.''

''तेच बरं. विमानातलं तिला येतं. तिला बोलायला शिकवा.''

शिक्षणाला खर्च किती आला, हे मी विचारले नाही. पण जुनी खोड जात नाही. तारण काय ठेवले, एवढे विचारलेच. ते म्हणाले, ''हेच घर.''

मी गप्प झालो. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ रोजी अमृतसरहून मुंबईला निघाले आणि हजारो तास उडवलेले वैमानिक नोकरीच्या रांगेत येऊन उभे राहिले, हे आम्हा दोघांनाही आठवत होते. पुढच्याच वर्षी करोनाने सगळीच विमाने जमिनीवर आणली. धंदा पुन्हा उभा राहिला, हे खरे. पण कर्जाचा हप्ता या चढउतारांसाठी थांबत नाही, हे मी बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलेले आहे.

दुसऱ्या दिवसापासून रोज सात वाजता आमच्या जेवणाच्या टेबलावर मुलाखत सुरू झाली. तांत्रिक प्रश्न तिने मला कागदावर लिहून दिले, उत्तरांसकट. हवामानाच्या सांकेतिक अहवालात २७०१२ आले तर वारा पश्चिमेकडून, वेग बारा नॉट. धावपट्टीवर धावताना 'व्ही वन' म्हणजे निर्णयाचा वेग. तो गाठण्याआधी बिघाड झाला तर थांबता येते, त्यानंतर उडायचेच. मला ही कल्पना फार आवडली. कर्जाच्या मंजुरीवर सही करण्याआधीचा क्षण असाच असतो.

तांत्रिक बाजू तिची चोख होती. अडली ती भलत्याच प्रश्नावर. प्रश्न साधा होता : विमान उतरते आहे, कॅप्टन चुकतो आहे, तुमचे ऐकत नाही; तुम्ही काय कराल?

ती म्हणाली, ''मी सरांना म्हणेन, सर, आपण जरा एकदा बघून घेऊ या का?''

उत्तर किती सुसंस्कृत! आपल्या घराघरांत मुलांना हेच शिकवतो आपण. मोठ्यांना उलटून बोलू नये. बोलायचेच झाले तर 'जरा', 'एकदा', 'बघू या का' अशा तीन उशा लावून बोलावे.

पण या उशांची किंमत माणसांनी मोजली आहे. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जम्बो जेट धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. परवानगी नसताना उड्डाण सुरू करणारा कॅप्टन त्याच्या कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ प्रशिक्षक होता. समोरचे विमान धावपट्टीवरून अजून हटलेले नाही काय, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली, पण प्रश्नाच्या रूपात. कॅप्टनने ती उडवून लावली. अशा अपघातांनंतर जगभरच्या विमान कंपन्यांनी कनिष्ठांना बोलायला आणि ज्येष्ठांना ऐकायला शिकवण्याचे रीतसर प्रशिक्षण सुरू केले.

आपल्याकडेही हे घडले. २२ मे २०१० रोजी दुबईहून मंगळूरला आलेले विमान धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ जणांचा मृत्यू झाला. सहवैमानिकाने तीनदा 'गो अराउंड', म्हणजे उतरू नका, पुन्हा वर चला, असे सांगितले होते, तरी कॅप्टनने उतरणे सोडले नाही, असे चौकशी अहवालात नमूद आहे. तिथे बोलणाऱ्याने बोलायचे काम केले होते. ऐकणारा कमी पडला. मुलाखतीतला तो प्रश्न म्हणजे परीक्षकांची लहर नव्हे, हे त्या मुलीला मी सांगायच्या आधीच माहीत होते. माहीत असूनही तिच्या तोंडून 'जरा' निघत होते.

मग मी तिला माझी गोष्ट सांगितली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. मी कनिष्ठ अधिकारी, एका गोदामातल्या मालाची पाहणी करायला गेलो. पुढच्या रांगेतली पोती भरलेली, मागच्या रांगांतली पोकळ. परत येऊन साहेबांना म्हणालो, ''साहेब, माल जरा पुन्हा बघून घ्यायला हवा असं वाटतं.'' साहेब म्हणाले, ''बघू.'' कर्ज मंजूर झाले, वर्षभरात बुडाले. चौकशीत मला एकच प्रश्न विचारला गेला : पोती रिकामी होती, हे तुम्ही स्पष्ट शब्दांत का लिहिले नाही? माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. बुडाले ते पैसे, एवढेच माझे नशीब.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ''काका, आम्हाला पायऱ्या शिकवल्यात. आधी विचारायचं, मग धोका दाखवायचा, मग स्पष्ट विरोध करायचा, आणि तरीही ऐकलं नाही तर ताबा घ्यायचा. पाठ आहे सगळं. पण समोर पांढऱ्या केसांचा माणूस बसला की जीभ पहिल्याच पायरीवर बसते.''

म्हटले, पांढरे केस माझ्याकडे भरपूर आहेत, सराव इथेच करू. पुढचे दहा दिवस मी खवीस कॅप्टन झालो. मुद्दाम चुकीचे आकडे सांगायचे, तिने शंका काढली की डोळे वटारायचे. ''मी वीस वर्षं उडवतोय, मला शिकवू नकोस,'' हे वाक्य मला इतके सहज जमू लागले की माझी मलाच भीती वाटली.

एक दिवस ती वैतागून म्हणाली, ''मुलींना हे जास्तच जड जातं.'' मी तिला सौदामिनी देशमुखांची आठवण दिली. १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये कलकत्ता ते सिलचर हे इंडियन एअरलाइन्सचे फॉकर विमान त्यांनी निवेदिता भसीन यांना सोबत घेऊन, संपूर्ण महिला कर्मचाऱ्यांसह नेले होते. आज भारतात वैमानिकांमध्ये सुमारे १५ टक्के स्त्रिया आहेत, जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त. ती म्हणाली, ''हो, पण त्यांनाही घरी कुणीतरी हळू बोल म्हणून सांगितलंच असेल.''

शेवटच्या संध्याकाळी तिची आई चहा घेऊन खाली आली. मी हवामानाचा कागद हातात धरून दरडावले, ''वारा पूर्वेकडून, बारा नॉट. उतरतोय आपण.''

''सर, वारा पश्चिमेचा आहे.''

''मला दिसतंय. उतरतोय.''

''नाही. चुकतंय तुमचं. गो अराउंड.''

कपबशी टेबलावर ठेवता ठेवता वहिनी थबकल्या. ''अगं, काकांशी असं बोलतात का?''

''बोलू द्या वहिनी,'' मी म्हणालो. ''उद्या तिला नेमकं हेच विचारणार आहेत.''

डोक्यावरून एक विमान २७ कडे उतरत गेले. आवाज विरेपर्यंत आम्ही चौघांतले तिघे थांबलो, कारण चौथे, तिचे वडील, वरच्या मजल्यावर तिची बॅग भरत होते. मग तिने कप उचलला आणि म्हणाली, ''काका, अजून एकदा घ्या. या वेळी जास्त ओरडा.''