कंपनी रोबोटचं किट देईल, पण शिकवणार कोण? हायस्कूलने आधीच विचारायचे पाच प्रश्न

सास्तूर (ता. लोहारा) : रात्रीच्या लाईटला शेतात जायला नको म्हणून अनेक शेतकऱ्यांनी विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवला आहे. घरून फोन लावला की मोटार चालू होते. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी तयार केलेले ‘नॅनो गणेश’ हे याच प्रकारातले यंत्र.

अशा डबीच्या आत काय असतं? क्रमाने लिहिलेल्या सूचना. लाईट आहे का? तिन्ही फेज आहेत का? विहिरीत पाणी आहे का? असेल तर मोटार चालू कर, नसेल तर बंद ठेव. या सूचना यंत्राला कळतील अशा भाषेत लिहिणे म्हणजे कोडिंग. पाणी किंवा ओल ओळखणारा सेन्सर, निर्णय घेणारा बोर्ड आणि काम करणारी मोटार यांची जोडणी म्हणजे रोबोटिक्स. म्हणजे हा विषय फक्त शहरातल्या पोरांचा नाही.

पैसा कुठून येतो?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिकपूर्व वर्गांपासून कोडिंग शिकवण्याचा उल्लेख आहे. शाळेत प्रयोगशाळा आणण्याचे प्रमुख मार्ग दोन.

पहिला मार्ग सरकारी, अटल टिंकरिंग लॅबचा. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनची ही योजना सहावी ते बारावीच्या मुलांसाठी आहे. सुरुवातीच्या रचनेत निवडलेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान होते. त्यातले १० लाख उभारणीसाठी आणि उरलेले पाच वर्षांच्या खर्चासाठी. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५० हजार लॅब उभारण्याची घोषणा झाली. धाराशिव हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला जिल्हा आहे, हे प्रस्तावात ठळक लिहायला हरकत नाही.

दुसरा मार्ग कंपन्यांच्या सीएसआरचा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार वर्षाला ५ कोटी किंवा जास्त निव्वळ नफा, १ हजार कोटींची उलाढाल किंवा ५०० कोटींचे नक्त मूल्य असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकामावर खर्च करावी लागते. शिक्षण त्यात बसते. कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा म्हणतो. जिल्ह्यात पवनचक्क्या आहेत, खासगी साखर कारखाने आहेत. त्यातल्या पात्र कंपन्यांकडे शाळा प्रस्ताव घेऊन जाऊ शकते. सहकारी कारखान्यांना मात्र हे कलम लागू नाही. कोणती कंपनी कुठे खर्च करते, ते नॅशनल सीएसआर पोर्टलवर कुणालाही मोबाईलवर पाहता येते.

नुसतं किट आणून भागत नाही

ब्रिटनमध्ये २०१६ साली बीबीसीने अनेक कंपन्यांना सोबत घेऊन ‘मायक्रोबिट’ नावाचा छोटा बोर्ड त्या वर्षी सातवीत असलेल्या मुलांना फुकट दिला. बोर्डासोबत शिक्षकांसाठी साहित्यही दिले.

आपल्या राज्यातले उदाहरण त्याहून जुने आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे डॉ. एस. एस. कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’ हा विषय राज्यातल्या शाळांत पोचला. मुलं वेल्डिंग, वीजजोडणी, शेती हाताने करून शिकतात. शिकवायला गावातलेच कारागीर येतात आणि गावाला लागणाऱ्या वस्तू मुलं बनवून देतात. याच पाबळमध्ये २००२ साली अमेरिकेच्या एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब सुरू झाली. मोठी संस्था सोबत होतीच, पण काम गावाच्या गरजेचं होतं.

सही करण्याआधी हे विचारा

१. शिकवणार कोण? कंपनीचा माणूस महिन्यातून एकदा येणार असेल, तर शाळेतल्या किमान दोन शिक्षकांना पूर्ण प्रशिक्षण द्या, अशी अट घाला. एकाची बदली झाली तरी दुसरा राहतो.

२. वस्तू बिघडली तर? सेन्सर, वायर, बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे. दुरुस्तीचा आणि सुट्या भागांचा खर्च किती वर्षे कोण देणार, हे करारात लिहून घ्या.

३. शिकवणी मराठीत आहे का? आज्ञा इंग्रजीत असल्या तरी समजावून सांगणं मराठीतच हवं.

४. मुलींना वेळ मिळतो का? शाळा सुटल्यावर तास ठेवला, तर वाडी-तांड्यावरच्या मुलींची शेवटची एसटी चुकते. तास वेळापत्रकातच हवा.

५. कपाटाची किल्ली कुणाकडे? खराब होईल म्हणून कुलपात ठेवलेल्या किटवर कुणी काही शिकत नाही. वापराची वही ठेवा.

हे प्रश्न पालकही विचारू शकतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. नववी-दहावीचे हायस्कूल असेल तर शिक्षक-पालक सभेत विषय काढा.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूर-किल्लारी परिसरात बाहेरून मोठी मदत आली. मदतीची माणसं परत जातात, देखभाल गावाकडेच राहते, हे इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको. लॅबचंही तसंच आहे.

सुरुवात लहान करता येते. एक बोर्ड, एक ओलावा सेन्सर, एक छोटा पंप आणि शाळेच्या बागेतला एक वाफा. वाफा कोरडा पडला की पंप आपोआप चालू झाला पाहिजे. एवढं नववीच्या पोरांनी स्वतः करून दाखवलं, तर कंपनीपुढे ठेवायला शाळेकडे कागदापेक्षा भक्कम काहीतरी असेल.